सालदार कुटुंबांच्या घरांसाठी गावाचा भूमी-न्यास : रचना कशी करावी?

अनेरकाठ (प्रश्न)

आमचे गाव चोपडा तालुक्यात अनेर नदीच्या काठी आहे. आमचे घराणे शेतकरी असले तरी वडील शिक्षक होते, आणि त्यांनी 1983 साली पगारातून साठवलेल्या पैशांतून गावठाणाला लागून 1 हेक्टर 62 आर, म्हणजे चार एकर जमीन विकत घेतली. वडील मृत्युपत्र न करता वारले. आता सातबाऱ्यावर आई, मी आणि माझ्या दोन बहिणी अशी चार नावे आहेत. आईची इच्छा अशी आहे की ही जमीन प्लॉट पाडून विकली जाऊ नये आणि ज्यांनी आयुष्यभर गावाची शेते कसली त्यांना तिच्यावर हक्काचे छप्पर मिळावे.

आमच्याकडील सालदारांची, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणाऱ्या मजुरांची, परिस्थिती खान्देशातील वाचकांना सांगायला नको. सालाचा करार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) होतो, आणि करार मोडला की मालकाने मळ्यात दिलेली खोलीही त्याच दिवशी सुटते. या आखाजीला आम्ही अशा बावीस कुटुंबांना निंबाखाली बोलावून कल्पना सांगितली. पुरुष मंडळी बराच वेळ माना डोलावत राहिली. शेवटी एका बाईने लेकराला मांडीवरून खाली ठेवत विचारले, ‘घर मन्हा नाववर व्हई का?’ मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

जमीन कायम एका संस्थेकडे राहते आणि तिच्यावरील घर मात्र राहणाऱ्याच्या मालकीचे असते, अशी व्यवस्था अमेरिकेत पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे, आणि तिची मुळे विनोबांच्या ग्रामदानात, म्हणजे जमीन साऱ्या गावाच्या मालकीची करण्याच्या चळवळीत, आहेत, असे वाचनात आले. आमच्या मनात गावठाणालगतचा एक एकर घरांसाठी आणि उरलेले तीन एकर सामायिक शेतीसाठी ठेवण्याचा विचार आहे. यासाठी न्यास करावा, सहकारी संस्था करावी की आणखी काही, विश्वस्त मंडळात कोण असावे, आणि घराचा करार कसा लिहावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर मार्गदर्शन करावे. सुरतेला राहणारी धाकटी बहीण अजून पूर्णपणे राजी नाही, हेही सांगून ठेवतो.

निवृत्त मंडळ अधिकारी

आपण छताचा विचार आधी करीत आहात. मी पायाबद्दल लिहितो, कारण माझ्या नोकरीत मी पाहिलेले बहुतेक चांगले संकल्प कागदाच्या पायाशीच खचले.

जमीन वडिलांची स्वकष्टार्जित होती आणि मृत्युपत्र नव्हते, त्यामुळे हिंदू वारसा कायद्यानुसार आई आणि तिन्ही अपत्ये यांचा वाटा सारखा, प्रत्येकी एक चतुर्थांश आहे. बक्षीसपत्रावर चौघांच्या सह्या लागतील. धाकट्या बहिणीला आग्रह करून, रडवून सही घेऊ नका. तिला जमिनीतील वाटा हवा असेल तर आधी रीतसर वाटप करून तो तिच्या नावे काढून द्या आणि तीन वाट्यांवर न्यास उभा करा. नाराज वारसाची एक दिवाणी तक्रार बावीस घरांचे काम कितीतरी वर्षे थांबवू शकते.

दुसरी अडचण कुळ कायद्याची. खान्देशला लागू असलेल्या 1948 च्या कायद्यातील कलम 63 प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल किंवा भाडेपट्ट्याने जाऊ शकत नाही; त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नव्याने नोंदवलेला न्यास हा शेतकरी नसतो. त्यामुळे घाईने बक्षीसपत्र नोंदवले, तरी फेरफार मंजुरीच्या वेळी ते अडकेल.

म्हणून क्रम उलटा ठेवावा असे मी सुचवीन. घरांचा एक एकर कुटुंबाच्या नावावर असतानाच मोजून घ्या आणि बिनशेती करून घ्या. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील जमिनीसाठी महसूल संहितेत सोपी वाट आहे. तेथे ठरलेला आकार भरून काम होते. बिनशेती झालेला एक एकर न्यासाला द्या, आणि तीन एकरांसाठी कलम 63 ची परवानगी मागत बसा. ती येईपर्यंत ते कुटुंबाकडेच राहिले तरी काही बिघडत नाही. शेतजमिनीतच गुंठा-गुंठा नेमून देण्याचा मोह मात्र टाळा. तुकडेबंदी कायद्याचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतजमिनीच्या तुकड्याची किमान मर्यादा, 2023 पासून जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे, आणि त्याहून लहान तुकड्याचा व्यवहार नोंदणीच्या टेबलावरच थांबतो.

तीन एकर कोणाला बटाईने किंवा पट्ट्याने द्यायचे झाल्यास आधी वकिलांचा सल्ला घ्या. जमीन कसणारा उद्या कुळ म्हणून उभा राहिला तर त्यात त्याची चूक नाही. कायदा त्याच्यासाठीच केलेला आहे.

यावलकर

मला या साऱ्या योजनेविषयी मुळातच शंका आहे, आणि ती स्पष्ट शब्दांत मांडतो. द्यायचे तर पूर्ण द्यावे. घर तुमचे पण जमीन आमच्या न्यासाची, असे म्हणताना मालकाने सालदाराला दिलेल्या खोलीपेक्षा वेगळे काय घडते? खोलीची किल्ली पूर्वी एका पाटलाकडे असायची, आता ती बारा विश्वस्तांच्या टेबलावर राहील, इतकाच फरक मला दिसतो. बावीस कुटुंबांना बावीस प्लॉट खरेदीखताने द्या आणि मोकळे व्हा. गरिबाने स्वतःची जमीन विकू नये, हे ठरवणारे आपण कोण?

धुळ्याचा वकील

यावलकरांचा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर कायद्यात अर्धेच मिळते आणि उरलेले अर्धे विश्वस्त मंडळाच्या रचनेत शोधावे लागते. रचनेबद्दल इतर लिहितीलच, मी कायद्याची बाजू मांडतो.

समजा, आपण प्लॉट विकताना किंवा बक्षीस देताना ‘हा पुढे विकू नये’ अशी अट घातली. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 10 प्रमाणे अशी संपूर्ण बंदी शून्यवत ठरते. जमीन घेणाऱ्याची झाली आणि अट कागदावर राहिली. मात्र त्याच कलमात एक अपवाद आहे : भाडेपट्ट्यात पट्टा देणाऱ्याच्या हितासाठी घातलेली अशी अट ग्राह्य आहे. जगभरातील भूमी-न्यासांनी जमीन विकण्याऐवजी पट्ट्याने देण्याचा मार्ग घेतला त्यामागचा तर्क हाच आहे, आणि आपल्याकडे तर तो कायद्याच्या अक्षरातच बसतो. घर बांधणाऱ्याचे, जमीन पट्ट्याची, आणि घर सोडायचे झाल्यास ते आधी न्यासाला ठरल्या सूत्राने देऊ करायचे, एवढे कलम पट्ट्यात असले की जमीन बाजारात जात नाही.

आता संस्थेचे रूप. 1882 च्या भारतीय न्यास कायद्याखालील खाजगी न्यास या कामाचा नाही. तो निरंतर चालू शकत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालील सार्वजनिक न्यास हेच योग्य रूप. मात्र उद्देशात बावीस कुटुंबांची नावे लिहू नका. ‘भूमिहीन व शेतमजूर कुटुंबांना निवारा’ असा खुला उद्देश लिहा आणि निवडीचे निकष वेगळ्या नियमावलीत ठेवा, नाहीतर तो सार्वजनिक आहे काय, असाच प्रश्न सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारला जाईल.

खरी मेख कलम 36 मध्ये आहे, आणि अनेक उत्साही मंडळी तेथे ठेचकाळतात. सार्वजनिक न्यासाची बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर पट्टा वैध ठरत नाही. हे कलम विश्वस्तांनी न्यासाच्या जमिनी मर्जीतल्यांना वाटू नयेत म्हणून आहे, त्यामुळे त्याच्याविषयी कुरकुर करण्यापेक्षा ते आपले संरक्षण समजावे. बावीस वेगवेगळे अर्ज न करता अभिन्यास नकाशा (प्लॉट व रस्त्यांची आखणी), पट्ट्याचा नमुना, निवडीचे निकष आणि मूल्यांकन एकत्र जोडून एकच अर्ज करावा, आणि परवानगी हाती येईपर्यंत कोणालाही विटा टाकू देऊ नयेत.

मुदतीबद्दल अमेरिकेत 99 वर्षांचा प्रघात आहे, पण आपल्याकडे मुद्रांक शुल्काचे गणित वेगळे आहे. दहा ते एकोणतीस वर्षांच्या पट्ट्यावर बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवर शुल्काची आकारणी होते आणि एकोणतीस वर्षांपलीकडे 90 टक्क्यांवर. पट्ट्यात नूतनीकरणाची मुदत नेमकी लिहिली तर तीही मूळ मुदतीत धरली जाते. म्हणून पट्टा 29 वर्षांचा करावा, आणि वागणूक नियमास धरून असेल तर त्याच कुटुंबाशी नवा पट्टा करण्याचे बंधन न्यासाच्या घटनेत घालावे. पट्टा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावा आणि वारसांकडे जाणारा असावा. निंबाखालच्या त्या ताईंना सांगा की घर त्यांच्या नावावर होईल, जमिनीचा नोंदणीकृत पट्टाही त्यांच्या नावावर होईल, आणि सालाचा करार मोडला म्हणून त्यांना कोणी उठवू शकणार नाही.

सहकारी संस्थेचाही पर्याय आहे. भाडेकरू-सहभागी प्रकारच्या गृहनिर्माण संस्थेत जमीन व इमारत संस्थेची राहते. पण तेथे सर्वसाधारण सभेला उपविधी बदलण्याचा अधिकार असतो, आणि जमिनीचा भाव चढला की तो अधिकार वापरला जातो. घरांची देखभाल, पाणी, वर्गणी यांसाठी रहिवाशांची संस्था जरूर करा. जमीन मात्र न्यासाकडेच असू द्या.

शहाद्याची कार्यकर्ती

यावलकर दादांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी आमच्या गावातून देते. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एका सद्गृहस्थांनी मजुरांना चौदा प्लॉट खरेदीखताने दिले. आज त्यांपैकी तीनच मूळ कुटुंबांकडे आहेत. कोणी मुलीच्या लग्नात विकला, कोणी दवाखान्याच्या बिलात, आणि दोघांनी तर दारूच्या उधारीत. रस्त्याकडेच्या प्लॉटांवर आता शटरची दुकाने आहेत आणि विकणाऱ्यांपैकी एकजण त्यांतल्याच एका दुकानात हमाली करतो. गरिबाला विकण्याचा अधिकार नसावा असे माझे म्हणणे नाही. पण त्याच्यावर विकण्याची वेळ आणणारे नेहमी दुसरेच असतात. आमच्या शहादा-तळोद्याकडे आदिवासींच्या जमिनी कर्जापायी अशाच गेल्या होत्या. 1972 पासून श्रमिक संघटना आणि अंबरसिंग महाराज यांनी त्या परत मिळवण्यासाठी लढा दिला, 1974 साली जमिनी परत देण्याचा कायदा झाला, आणि आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाण्यावर निर्बंध घालणारे कलम 36-अ महसूल संहितेत आले. त्यामुळे आपल्या बावीस कुटुंबांत पावरा, बारेला, भिल्ल असतील आणि त्यांपैकी कोणाची डोंगरात वडिलोपार्जित जमीन असेल, तर ती न्यासात आणण्याचे नावही काढू नका. न्यास हा बिगरआदिवासीच धरला जाईल.

पण किल्लीबद्दल दादांचे म्हणणे मला पटते. म्हणून विश्वस्त मंडळाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. अमेरिकेत रूढ झालेली पद्धत तीन भागांची आहे : एक तृतीयांश जागा घरात राहणाऱ्यांच्या, एक तृतीयांश त्याच परिसरातील पण तेथे घर नसलेल्यांच्या, आणि एक तृतीयांश व्यापक हित पाहणाऱ्यांच्या. बारा विश्वस्त असतील तर चार रहिवासी, त्यांत निदान दोन स्त्रिया. चार गावातील इतर. आणि चार जाणकार, ज्यांत हिशेब समजणारा एक तरी असावा. रहिवाशांनी आपले चौघे स्वतः निवडावेत. दात्याच्या घरातील एकापेक्षा अधिक व्यक्ती नकोत, आणि वंशपरंपरागत विश्वस्त हा शब्द घटनेत शिरू देऊ नका. आपल्या आईंचा मान राखायला गावात दुसरे पुष्कळ मार्ग आहेत. सरपंचाला पदसिद्ध घ्यावे की नाही यावर आमच्यात खूप वाद झाले होते. माझे मत नको असे आहे, कारण निवडणुकीचे राजकारण मंडळात येते.

खान्देशाला ही गोष्ट परकी वाटू नये. पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधारा आणि पाट सर्वांचे, शेत ज्याचे त्याचे, आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे, अशी वहिवाट शेकडो वर्षे चालली. पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांना गावानेच नेमायचे आणि गावानेच पोसायचे. तुमच्या तीन एकरांसाठी हा नमुना पाहण्यासारखा आहे.

अनेरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. धाकट्या बहिणीशी काल बोललो. तिचा विरोध जमीन देण्याला नाही; आई एकटी असताना कोणी तिच्याकडून काही लिहून घेईल, ही तिची भीती आहे. आपण सांगितलेला क्रम तिला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली की ती स्वतःच विश्वस्त होण्यास तयार आहे. म्हणजे घरातील एक जागा मला सोडावी लागणार, आणि ते मला मान्य आहे.

दोन शंका उरतात. घर परत घेताना न्यासाने किंमत कशी ठरवावी? आणि बांधकामासाठी कर्ज किंवा घरकुलाचे अनुदान मिळेल का?

धुळ्याचा वकील

किमतीचे प्रसिद्ध सूत्र असे आहे की घराच्या वाढलेल्या किमतीचा ठरावीक हिस्सा, बहुधा चतुर्थांश, राहणाऱ्याला द्यावा. समजा घराला चार लाख लागले आणि दहा वर्षांनी त्याची किंमत सात लाख झाली, तर वाढीच्या तीन लाखांतील पाऊण लाख धरून त्याला पावणेपाच लाख मिळतील, आणि पुढच्या कुटुंबाला घर तेवढ्यालाच मिळेल. पण हे सूत्र जसेच्या तसे उचलू नका. आपल्याकडे भाव वाढतो तो जमिनीचा. विटांचे घर दर पावसाळ्यात थोडे उतरतच असते. त्यामुळे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या त्या वर्षीच्या दरसूचीने बांधकामाचे मूल्य काढून त्यातून घसारा वजा करणे अधिक न्याय्य ठरेल. सूत्र कोणतेही ठेवा; ते बावीस कुटुंबांसमोर आकडे मांडून, सह्या होण्यापूर्वी, मोठ्याने वाचा.

कर्जाविषयी एकच ठाम सल्ला देतो. जमीन गहाण ठेवण्याचा अधिकारच विश्वस्तांना देऊ नका. ज्या प्रयोगातून ही कल्पना जगभर गेली तो अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातला, कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा न्यू कम्युनिटीज हा न्यास 1969 साली उभा राहिला. त्याच्या संस्थापकांत स्लेटर किंग, चार्ल्स व शर्ली शेरॉड आणि रॉबर्ट स्वॉन होते. त्यांच्याकडे सुमारे 5,700 एकर जमीन होती. दुष्काळ आला, सरकारी कर्ज देण्यात भेदभाव झाला, आणि 1985 साली जमीन कर्जापायी गेली. भेदभावाची भरपाई 2009 मध्ये मिळाली आणि 2011 मध्ये त्यांनी दुसरी जागा घेतली, पण मधली पंचवीस वर्षे परत आली नाहीत. कर्ज घ्यायचेच असेल तर कुटुंबाने आपल्या पट्ट्याच्या हक्कावर व घरावर घ्यावे, आणि हप्ते थकले तर बँकेने आधी न्यासाला कळवून थकबाकी भरण्याची संधी द्यावी, असे कलम पट्ट्यात असावे. बँकांना हा प्रकार नवा आहे. दोन-तीन शाखांत मसुदा आधी दाखवून घ्या.

घरकुलासाठी लाभार्थ्याच्या जागेचा पुरावा मागतात. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, मालक आणि भोगवटादार असे वेगळे रकाने असतात. मालक म्हणून न्यासाचे आणि भोगवटादार म्हणून पती-पत्नीचे नाव लागू शकते. नोंदणीकृत पट्टा आणि हा उतारा यांवर अनुदान मंजूर होईल का, हे गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘होईल’ वर पाया खणू नका.

यावलकर

माझा आक्षेप पूर्ण गेला असे म्हणत नाही. पण रहिवासी आपले विश्वस्त स्वतः निवडणार असतील आणि पट्टा वारसांना जाणार असेल तर खोली आणि घर यांत फरक आहे, हे मान्य करतो. एकच सुचवतो : सालदार ज्यांच्याकडे कामाला आहेत ते मालक ‘गावातील इतर’ म्हणून मंडळात बसणार नाहीत, एवढे घटनेत लिहा.

निवृत्त मंडळ अधिकारी

यावलकरांची सूचना उत्तम आहे. मला एक गोष्ट मागेच विचारायची होती. चार एकरांत विहीर आहे का, आणि ती एकट्या तुमची आहे का?

अनेरकाठ

विहीर आहे. तिच्यात चुलतभावाचा निम्मा हिस्सा आहे. चार दिवस आमची पाळी, चार दिवस त्यांची. वडिलांच्या आणि काकांच्या काळापासून तसे चालत आले आहे. कागद काही नाही.

निवृत्त मंडळ अधिकारी

मग बक्षीसपत्राआधी हे करा. चुलतभावाला बरोबर घेऊन विहिरीचा हिस्सा, पाळीचे दिवस आणि पाइपलाइनची वाट यांचा लेख नोंदवा, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद करून घ्या. आज तुम्ही दोघे भाऊ आहात म्हणून पाळी बिनबोभाट चालते. उद्या त्याच्या समोर न्यास असेल आणि बावीस घरांचे पाणी त्याच विहिरीतून जाईल. मोजणीचा अर्ज याच आठवड्यात टाका, म्हणजे पावसाळ्यापूर्वी हद्दीच्या खुणा तरी बसतील.

अनेरकाठ

चुलतभाऊ तयार आहे. लेखात पाळी दिवसांवर धरावी की तासांवर, एवढेच त्याने विचारले आहे. वीज रात्रीची आली की चार दिवसांची पाळी दोनच रात्रींत संपते, असे त्याचे म्हणणे आहे.

निवृत्त मंडळ अधिकारी

तासांवर धरा. मीटर जोडून घ्या आणि वही विहिरीवरच ठेवा.